गादी झालेले लाइफ जॅकेट

मी एक जुने लाइफ जॅकेट आहे. माझा नारिंगी रंग आता उडाला आहे आणि खांद्यापाशी मिठाचे डाग आहेत. मित्रांनो, माझी कहाणी भीषण आहे, तरी ऐका.

कारखान्यात एका बाईंनी मला शिवले. प्रत्येक टाका ओढून पाहायची त्यांची सवय. माझ्या पोटात हवेच्या दोन पिशव्या, ओढताच गॅस सोडून त्या फुगवणारी एक दोरी आणि दोरीने काम भागले नाही, तर तोंडाने फुंकायला एक नळी. पाण्याच्या टाकीत तपासताना कारखान्याचे साहेब म्हणाले, "हे बुडायचं नाव घेणार नाही!"

पुढे माझी नेमणूक लष्कराच्या मालवाहू विमानात झाली. तिथली आसने म्हणजे लोखंडी नळ्यांवर ताणलेले पट्टे. कंबरेचा अगदी भुगा व्हायचा. म्हणून जवानांनी रीतच पाडली, जॅकेट गळ्यात न घालता बुडाखाली घ्यायचे. सामान बांधणाऱ्या हवालदारांना सगळे मामा म्हणत. ते ओरडत, "ती काय सासरची गादी आहे? उठा!"

याच विमानाने नेहमी जाणाऱ्या लष्करी दवाखान्याच्या एक सिस्टर माझ्यावर बसूनच हसत म्हणत, "मामा, बुडायचं तेव्हा बुडू. आज कंबर तर वाचू द्या!"

मामाही हसत आणि विषय सोडून देत. वजन झेलून झेलून माझी डावी पिशवी शिवणीपाशी विरली. कोणाला पत्ताच नाही.

एके दिवशी समुद्रावर वादळाने विमानाला गाठले. दोर तुटले, पेट्या माणसांवर कोसळल्या. एका जवानाचा पाय माझ्यादेखत चिरडला.

"जॅकेटं गळ्यात घाला! विमानाबाहेर पडल्यावरच दोरी ओढा!" मामा घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

सिस्टरांनी मला कसेबसे गळ्यात अडकवले, तोच विमान पाण्यावर आपटले. शेपटीकडचा भाग मोडला आणि समुद्र आत घुसला. भेदरलेल्या काही जणांनी आतच दोरी ओढली. फुगलेल्या जॅकेटांनी त्यांना छताशी दाबून धरले आणि ते तिथेच गुदमरले. माझ्याच भावंडांच्या हातून हे झाले. देवा, असे मरण वैऱ्यालाही नको.

मामांनी सिस्टरांना फटीतून बाहेर ओढले. पत्र्याने मामांच्या स्वतःच्या जॅकेटच्या चिंध्या झाल्या होत्या. सिस्टरांनी माझी दोरी ओढली. उजवी पिशवी फुगली; डावी फुगली आणि लगेच बसू लागली. दीड पिशवीवर दोन जीव! सिस्टरांच्या बरगड्या मोडलेल्या, फुंकणार कोण? मामांनी नळी दातांत धरली. लाट डोक्यावरून जाई, हवा निसटे, ते पुन्हा फुंकत.

"मामा, सोडा मला. तुम्ही तरी..."

"गप गं पोरी! बोलून दम घालवू नकोस."

वादळ ओसरल्यावर बोट आली. खलाशांनी सिस्टरांना वर घेतले; त्या जिवंत होत्या. मामांचा देह थंड पडला होता, तरी नळी त्यांच्या दातांतून सुटेना.

मित्रांनो, जी वस्तू आयुष्यात एकदाच उपयोगी पडायची असते, तिला रोज जपा. ती कमी पडली, तर तिचे काम कोणाला तरी स्वतःच्या श्वासाने पुरे करावे लागते.