कंबर दुखत नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. लाल रबराची, तोंडाला बूच असलेली. प्रेमानंदने मला कळंबच्या औषध दुकानातून आणलं ते त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी. कढत पाणी पोटात घ्यायचं आणि दुसऱ्याचं दुखणं हलकं करायचं, एवढंच माझं काम. आई "लई गुणाची पिशवी" म्हणायची आणि मी उगीचच फुगायचे. आई गेली, आणि मी खुंटीला लटकून राहिले.

मग प्रेमानंदच मला घेऊ लागला. धाराशिवकडच्या वाशीत त्याचं शिलाईचं दुकान, दिवसभर मशिनवर बसणं. बायकोला, वृषालीला, त्याने सांगितलं, "कंबर धरलीय." आमच्याकडे पुरुष माणूस कंबरेच्या खालचं नाव घेत नाही, खालचं सगळं दुखणं कंबरेच्याच नावावर जातं. म्हणून शेजारच्या बिराप्पाने त्याची कंबर चोळली, कुणी पट्टा दिला. दार लावलं की मात्र तो मला मांड्यांमध्ये धरून दात आवळायचा. खरं दुखणं तिथं आत होतं. लघवीला जळजळ व्हायची. बायकोजवळ गेलं की शेवटी कळ यायची. पुढं त्या कळेच्या धास्तीनंच शरीर साथ देईना. आपली मर्दानगी संपली, असं समजून तो दुकानातच झोपायला लागला. मला बोलता येत असतं तर मी कधीच बोंब ठोकली असती!

वृषालीने वेगळाच अर्थ काढला. एके सकाळी तिचा भाऊ प्रसेनजित गाडी घेऊन तिला न्यायला आला. परत न येण्याच्या तयारीनेच तिने बॅग भरली होती. बाहेर हॉर्न वाजत होता. मी प्रेमानंदच्या हातात होते.

"एकदाच इचारते," ती म्हणाली. "दुसरी कोण हाय का?"

"न्हाय."

"मग मी नकोशी झाले व्हय?"

पुन्हा हॉर्न वाजला. ती बॅग उचलून दारापर्यंत गेली. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"वृषाली, माझी कंबर दुखत न्हाय." त्याला पुढचं बोलवेना. त्याने मला दुखऱ्या जागी धरलं आणि मान खाली घातली. "तुझ्याजवळ आलं की इथं कळ येती. लई भ्या वाटतं. मी आता पुरुष राहिलो न्हाय."

तिने बॅग खाली ठेवली. मग बाहेर जाऊन भावाला म्हणाली, "दादा, गाडी धाराशिवला घे. ह्यांना दवाखान्यात दावायचंय."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. "आतले स्नायू आवळून बसलेत," ते म्हणाले. "दुखेल या भीतीनं ते आणखी आवळतात, आणि मग संबंधही जमत नाही. यात मर्दानगी कुठं गेली? वेळ लागेल, पण फरक पडेल." त्यांनी औषधं दिली, स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले, कामातून अधूनमधून उठायला सांगितलं. शेक चालू ठेवा म्हणाले, तेव्हा मला कोण आनंद झाला!

दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. काही दिवस वाईटच जातात. पण प्रेमानंद आता घरी झोपतो.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, रबराला तडे जातात. आणि घरातलं कुणी मला वारंवार मागत असेल, तर नुसतं पाणी तापवून देऊ नका. जवळ बसा, नेमकं कुठं दुखतं ते विचारा.

परवा संध्याकाळी वृषालीने मला भरून त्याच्याजवळ ठेवलं. दोघं बोलत बसले, मधूनच हसले. मी तशीच पडून थंड झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला थंड होण्याचं वाईट वाटलं नाही.