आईचा आवाज खालच्या मजल्यावर

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं त्या दुपारी बाबा छताला बसून जेवले.

छत त्यांच्यापुरतं जमीन झालं होतं, एवढाच काय तो फरक. मांडी नेहमीसारखी घातलेली, ताटातली आमटी ताटातच. आई स्टुलावर चढून त्यांना भाकरी देत होती आणि बाबा डोक्यावर हात करून ती घेत होते. "पंखा तेवढा लावू नका," एवढंच ते म्हणाले. बाबा सूतगिरणीत फिटर आहेत. मशीन बिघडलं की आरडाओरडा करून ते नीट होत नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप आत्तेभावाने वापरून दिलेला. प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या मशीनवर लिनक्स पाहिजे असं सरांनी सांगितलं, म्हणून मी टाकलं. मशीन तर सुरू झालं, पण कॅमेऱ्यात माझा चेहरा उलटा दिसायला लागला, हनुवटी वर आणि केस खाली. मान वर केली तर बाबा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरही आता याच मशीनवर चालतंय, आणि त्याला जे नीट ओळखता येणार नाही ते घरातही नीट राहणार नाही.

कॅमेऱ्याचं सोपं निघालं. या मॉडेलमध्ये तो कारखान्यातच उलटा बसवलेला असतो. आधीची सिस्टिम ते गुपचूप सावरून घ्यायची, नवीला कुणीतरी सांगावं लागतं. मी सांगितलं. बाबा भिंतीवरून हळूहळू घसरत खाली आले आणि कॉटवर टेकले.

"चष्मा वरच राहिला की," ते म्हणाले.

मी फार खूश झाले. आपल्याला हे जमतंय, असं पहिल्यांदाच वाटलं. त्याच खुशीत मी आवाज तपासायला घेतला. चाचणीचं बटण दाबलं की एक बाई 'डावीकडे', 'उजवीकडे' असं बोलते. ती बोलली नाही. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिचे ओठ हलत होते, हातातला डाव माझ्याकडे रोखलेला होता, आणि आवाज काही येत नव्हता.

आईच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. इचलकरंजीत जवळपास कुठेही उभं राहा, कापड विणणाऱ्या मागांची खटखट कानात भरलेलीच असते. आईचं माहेर तर मागाच्या शेडला चिकटून होतं. त्या खटखटीच्या वर आवाज चढवतच ती बोलायला शिकली. ती देवाला नमस्कार करतानासुद्धा गल्लीला कळतं तिने काय मागितलं ते. लहानपणी मला त्याची लाज वाटायची आणि त्याच आवाजावर मी रोज उठते, जेवते, झोपते.

"घसा बसलाय का?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. पाणी प्यायली, पुन्हा बोलली. काही नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," बाबा म्हणाले आणि हसले. आईने डाव त्यांच्याकडे वळवला.

पण दुसऱ्या दिवशी बाबांची रक्तदाबाची गोळी राहिली, कारण ती घ्या म्हणून कुणी ओरडलं नाही. दूध उतू गेलं. मी उठलेच नाही, आईला येऊन मला गदागदा हलवावं लागलं. संध्याकाळी बाबा गिरणीतून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले.

"घरी आल्यासारखं वाटंना गं नंदे," ते म्हणाले. "कर की काहीतरी."

मला रडू आलं. आईची हाक ऐकू येत नाही तोपर्यंत मी या मशीनसमोरून हलणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मी प्रश्न टाकला. उंटावरून शेळ्या हाकणारे तिथे पुष्कळ. एकाने आवृत्ती विचारली. एकाने आधी माहितीपुस्तिका वाचा म्हणून सुनावलं. एकाने लिहिलं, 'माझंही अगदी असंच झालं होतं. सुटलं. धन्यवाद.' कसं सुटलं, ते नाही. या माणसाच्या दारात जाऊन बसावं आणि सांगेपर्यंत उठू नये, असं मला वाटलं. शेवटी धारवाडच्या कुणीतरी विचारलं, 'आवाज येतच नाही, की दुसरीकडून येतोय? खालच्या मजल्यावर जाऊन ऐका.'

आमच्या खाली मगदूम अण्णा राहतात. जन्मभर त्यांनी माग चालवले आणि मागांनी त्यांचे कान नेले. बायको गेली, मुलगा बेंगळुरूला. आई रोज त्यांना वाटीभर कालवण नेऊन देते. त्यांना काही सांगायचं तर खुणा कराव्या लागतात, कानाशी ओरडून उपयोग नाही, आईच्यानेसुद्धा नाही.

मी जिना उतरले तर त्यांच्या दारातून आईचा आवाज येत होता.

"बटाटं संपल्यात. येताना आणा म्हटलं होतं ना?"

आई वर स्वयंपाकघरात होती. आवाज अण्णांच्या टीव्हीतून येत होता. पडदा निळा, त्यावर सिग्नल नाही असं लिहिलेलं. समोर खुर्चीत अण्णा बसले होते. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं बरोबर लावलेली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"तुझी आई बोलतीया," त्यांनी मला सांगितलं. "सकाळी उठा म्हटली, उठलो. गोळी घ्या म्हटली, घेतली. आता बटाटं आणाय पायजेत."

"अण्णा, तुम्हाला ऐकू येतं?"

माझे ओठ हललेले त्यांना दिसले. "तुझं न्हाई येत," ते म्हणाले. "हिचंच येतंय."

वर येऊन मी सेटिंग उघडली. धारवाडकर बरोबर होते. आवाज गेलेला नव्हता, फक्त भलत्या वाटेने बाहेर पडत होता. लॅपटॉपला टीव्ही जोडलेला आहे अशी मशीनने समजूत करून घेतली होती आणि स्वतःचा स्पीकर सोडून सगळं तिकडे पाठवत होतं. लिनक्सवर खूप जणांचं असं होतं. तिथे वायर तरी असते, आमच्याकडे वायरही नव्हती. यादीत दोनच नावं होती, 'घर' आणि 'मगदूम'. खूण 'मगदूम'पुढे होती. ती उचलून 'घर'पुढे ठेवायची, की झालं.

मी आईला हाताला धरून खाली नेलं. तिच्या आवाजाचं काय ते करण्याआधी तिने बघावं, असं मला वाटलं. तिथेच माझं चुकलं म्हणा किंवा बरोबर आलं म्हणा.

आई टीव्हीसमोर बसली. "एवढा मोठा आवाज हाय माझा?" टीव्ही म्हणाला. आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"बेताचा हाय," अण्णा म्हणाले. ते आईकडे नाही, टीव्हीकडे बघून बोलत होते.

"अण्णा, रोज वाटी देताना काय सांगते, कळायचं का?" टीव्हीतून आईने विचारलं.

"न्हाई. ओठ हलायचं."

"मीठ कमी घातलंय, एवढंच सांगत होते. तुमच्या तब्येतीला."

"मीठ कमी असतंय ते कळायचं," अण्णा टीव्हीला म्हणाले.

ती दोघं दिवे लागणीपर्यंत बोलत बसली. अण्णांच्या बायकोचा विषय निघाला, तिच्या हातच्या कटाच्या आमटीचा निघाला. मी दारात उभी होते. माझी आई मला इतकी नवी कधी वाटली नव्हती, आणि तिचा इतका रागही कधी आला नव्हता. वर आल्यावर तिने लॅपटॉपकडे बोट दाखवून हात हलवला. राहू दे.

मी राहू दिलं. मग बाबांचा आवाज खाली गेला. एक वाट चुकली की सगळ्यांना तीच लागते. त्यानंतर कुकरची शिट्टी खाली व्हायला लागली आणि भात करपायला लागला. मोरीतलं पाणी मुक्याने पडायचं. मी मोठ्याने अभ्यास करायची ते अण्णा खाली ऐकायचे आणि भेटले की म्हणायचे, "ते कालचं पुन्ना सांग की, कळालं न्हाई." शेवटी मागांची खटखटही आमच्या खिडकीतून यायची थांबली. माग चालू होते, धोटे इकडून तिकडे पळताना दिसत होते, पण सगळ्या गल्लीची खटखट अण्णांच्या टीव्हीत जाऊन बसली होती. मी डोकावले तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून उभे होते आणि तुटलेला धागा शोधावा तसा त्यांचा हात हवेत फिरत होता. चेहरा सुखी होता.

आमचं घर मात्र पाण्याखाली असल्यासारखं झालं. आम्ही तिघं एकमेकांच्या दंडाला धरून बोलायचो. एकदा आई ओट्यापाशी उभी राहून रडली. कशासाठी ते मला कळलं नाही, पाठ होती आणि आवाज नव्हता. खाली गेले तर टीव्ही हुंदके देत होता आणि अण्णांनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

"पी म्हणून सांगतोय," ते म्हणाले, "पर ती पीत न्हाई."

मग मी मधला मार्ग काढला. एकच आवाज दोन्हीकडे पाठवता येतो, असं फोरमवर सापडलं. मोठ्या हौसेने मी आज्ञा लिहिली. मागांची खटखट खिडकीत परत आली आणि आईचं निम्मं वाक्य घरात उमटलं. "नंदे, जेवायला," वर ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी बाबांना मिठी मारली. पण 'ये लवकर' हे खाली उमटलं होतं. अण्णा जिना चढून आले आणि पाटावर येऊन बसले.

आईने त्यांना वाढलं. पण आमच्या घरात आल्यावर त्यांना पुन्हा काहीच ऐकू येईना. त्यांनी दोन घास खाल्ले, अस्वस्थ झाले, आणि कुणी बोलावतंय का बघायला परत खाली गेले. खाली आईच्या पुढच्या वाक्याचा शेपटा त्यांना मिळाला, 'घेऊन जा', तसे ते वाटी न्यायला पुन्हा वर आले. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. दिवसभर ते त्या जिन्यावर होते. वर आले की शांतता, खाली गेले की अर्धी हाक.

"हे बंद कर," बाबांनी मला खुणेने सांगितलं, कारण त्यांच्या वाट्याचे शब्द खाली गेले होते. "म्हातारा मरंल," असं टीव्ही म्हणाल्याचं नंतर कळलं. ते अण्णांनीही ऐकलं असणार.

मी धारवाडकरांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'दोन्हीकडे नीट चालत नाही. एक निवडा आणि रीस्टार्ट करा. पण आधीच सांगतो, पुन्हा सुरू होताना ते तुमचं ऐकेलच असं नाही. कधीकधी ते आपलं आपण ठरवतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जिन्यात, मधल्या पायरीवर बसले. तिथून आमचं दार दिसतं आणि अण्णांचंही. बाबा वर दारात उभे राहिले. खाली अण्णा खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते आणि त्यांनी तळवा त्याच्यावर ठेवला होता. आई येऊन माझ्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

मी तिला पडदा दाखवला. 'घर', 'मगदूम'. टोपलीत शेवटची भाकरी उरली आणि खाणारी दोन तोंडं असली की ती जशी बघते, तशी ती बघत राहिली. मग मी 'घर' निवडलं. मला माझी आई पाहिजे होती. रोज सकाळी तिने माझ्या नावाने गल्ली जागी करायला पाहिजे होती, आणि हे मी कुणासमोरही सांगेन. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागाने की मायेने ते मला कळलं नाही. मी रीस्टार्ट दाबलं.

पडदा काळा झाला. आमच्याकडचा निम्मा आवाज गेला, खालचाही गेला. सगळी गल्ली गप्प झाली. अण्णांनी टीव्हीवर थापटी मारली, एकदा, मग जोरात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. कॅमेरा सापडला. कीबोर्ड सापडला. नंतरची ओळ तिथेच थांबून राहिली, मग पुढे गेली, आणि मला ती नीट वाचता आली नाही.

नावाची चौकट आली. मी नाव टाकलं.

आईने पोटात श्वास भरून घेतला, शेडच्या पलीकडे आवाज पोचवायचा असला की भरते तेवढा, आणि तोंड उघडलं. खाली अण्णा "आलो, आलो" म्हणत खुर्चीतून उठले, बाबा दारात वळले, आणि मीही उठायचं म्हणून मांडीवरचा लॅपटॉप ठेवायला पायरीवर जागा शोधायला लागले.