मी मोहनबाईला पाण्यापर्यंत नेलं

मित्रांनो, माझ्या अंगावर कधी टोमॅटोचं एक क्रेट चढलं नाही की शेणखताची एक पाटी पडली नाही. नारायणगावात जन्मलेल्या ट्रेलरला हे सांगताना थोडा संकोच वाटतो. मी बोटीचा ट्रेलर आहे. आता जुना झालो आहे.

१९९९ सालच्या डिसेंबरात चांगदेव मिस्त्रींनी मला घडवलं. हायवेला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, खिडक्यांची ग्रिलं ही त्यांची रोजची कामं. बोटीचा ट्रेलर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. पण गावातले व्यापारी भंवरलाल शेठ यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ मुंबईहून एक जुनी इंजिनाची बोट आणली होती. डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना ती द्यायची होती. तिथल्या माणसांना दवाखान्यात यायचं तर पाण्याला वळसा घालून अर्धा दिवस चालावं लागे. बोटीवर निळ्या अक्षरांत शेठच्या आईचं नाव होतं, 'मोहनबाई'.

घाई होती ती रविवारची. त्या दिवशी पोलिओचे डोस होते. सकाळी आठला सिस्टर बर्फाचा डबा घेऊन धरणाच्या काठावर उभ्या राहणार होत्या. पलीकडे एक्केचाळीस लहान मुलं होती. बोट वेळेत पोचली तरच डोस पोचणार होते.

मिस्त्री दोन दिवस बोटीभोवती नुसते फिरले. मग त्यांनी जाड तार घेतली, बोटीच्या पोटाला लावून वाकवली आणि शिंप्याने घ्यावं तसं तिचं माप घेतलं. त्यानंतर मात्र काय धडाका सुरू झाला! जुन्या जीपचा ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे आले, नवे लोखंडी चॅनल आले, पुढे ओढायची दांडी आली. बोट ज्यांवर टेकायची त्या दोन लांब फळ्या बाभळीच्या होत्या. तिच्या पोटाला ओरखडा नको म्हणून त्यांना शेठच्या घरची सतरंजी गुंडाळली. विहीर खणायच्या यारीवरची छोटी चरखी पुढच्या खांबावर बसवली, बोट ओढून वर घ्यायला. ठिणग्या उडत होत्या आणि मी तासातासाला मोठा होत होतो.

शनिवारी दुपारी बोट माझ्यावर चढली. फळ्या अशा बसल्या की मधून कागद जाईना.

"मिस्त्री, लई भारी राव!" जीपवाला सावळेराम म्हणाला. "हिला अशीच आळेफाट्याला नेतो. वर पाशिंजरांची शीटं बी भरतो."

"शीटं भरलीस तर तुलाच धरणात सोडीन," मिस्त्री म्हणाले.

मग शेठच्या गोदामातून इंजिन आलं. धूळ बसेल म्हणून शेठनी ते तोवर बाहेर काढलंच नव्हतं. चौघांनी उचलून ते बोटीच्या मागच्या कडेला बसवलं आणि आम्ही चाचणीसाठी कळंबच्या दिशेने निघालो.

जीपने वेग घेतला तशी माझी शेपटी हलू लागली. आधी वीतभर, मग हातभर, डावीकडे, उजवीकडे. मला काही केल्या सरळ राहता येईना. समोरून आलेल्या एस.टी.ला बोट घासता घासता राहिली. सावळेरामने जीप हळू केली आणि आम्ही बैलाच्या चालीने परत आलो.

आता कुणी थट्टा करत नव्हतं. मिस्त्रींनी टायरची हवा पाहिली, चाकांचे नट पाहिले. सगळं ठीक होतं. चार वाजले होते.

"चांगदेव, नाय जमत तर आत्ताच सांग," शेठ म्हणाले. "सिस्टरला निरोप धाडतो. पोरांचं फुडच्या खेपंला बघू."

मला वाटलं, आता मला मोडीत घालतील.

त्यांची पत्नी अंजनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. लग्नाआधी त्या वडिलांची बैलगाडी हाकत. त्यांनी किटली खाली ठेवली आणि सावळेरामला जीपचा हूक सोडायला सांगितलं. हूक सुटला तशी माझी दांडी उसळून वर गेली. अंजनाबाईंनी ती एका हाताने खाली आणली.

"अहो, ही गाडी उलाळ झालीय."

"अगं, ते बैलगाडीला म्हणत्यात. ही बोट हाय."

"चाकं दोनच हैत ना?" त्या म्हणाल्या. "मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं. बैल मान झाडतो, मंग कळतं. तुमच्या जीपला मान न्हाई, म्हून ती शेपटी हलवती."

सावळेराम मोठ्याने हसला. मिस्त्री हसले नाहीत. ते इंजिनाकडे बघत राहिले. चाकांची जागा त्यांनी ठरवली होती ती इंजिन नसलेल्या बोटीवरून.

"किती मागं घ्यू चाकं?" त्यांनी विचारलं.

"ते म्या कसं सांगू? घ्या थोडी थोडी. हाताला कळंल."

बोट उतरवली. मिस्त्रींनी गॅस कटरने स्वतःचेच पक्के जोड कापले, सगळ्यांच्या देखत. शेवटचा जोड सुटला आणि वीज गेली. लोडशेडिंग! वेल्डिंग कसं होणार?

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "बोल्टानं आवळू. सरकवता बी येईल."

चाकं चार इंच मागे गेली. बोट पुन्हा चढली. पांढऱ्या कपड्यांतले शेठ स्वतः चरखी फिरवत होते. अंजनाबाईंनी दांडी उचलून पाहिली. "अजून हलकी हाय." मला जॅकवर घेतलं, बोल्ट सैल केले, आणखी दोन इंच. "अजून." आणखी दोन. दिवेलागणीला त्यांनी दांडी दोन्ही हातांनी उचलली आणि खाली ठेवली.

"आता दोन भरल्या घागरी उचलल्यावानी वाटतंय. बास."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी मंचर मागे पडलं, घोडेगाव मागे पडलं, आणि माझी शेपटी रेषेत होती! सावळेरामने वेग वाढवला तरी रेषेत! आठला दहा कमी असताना आम्ही काठावर पोचलो. जीपने मला उलटं उतारावरून पाण्यात घेतलं. थंडगार पाणी चाकांवर चढलं, फळ्यांवर चढलं, आणि एका क्षणी माझ्या अंगावरचं सगळं ओझं तरंगू लागलं. इंजिनाची दोरी तिसऱ्यांदा ओढल्यावर धडधड सुरू झाली. मोहनबाई फेस उडवत पलीकडे निघाली, सिस्टर डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

संध्याकाळी बोट परत आली तेव्हा मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे होते.

"एक्केचाळीस झाली का?"

"बेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. "एक पावणं आलं व्हतं, आत्याकडं."

पुढे सात वर्षं मी ती बोट उतरवली आणि चढवली. मग इंजिन थकलं, बोटीचा तळ चिरला, तिला कुणी तरी घेऊन गेलं. मी काठावरच राहिलो. माझ्या पाट्यांना गंज चढला. सतरंजी कधीच कुजून गेली.

आता वाडीतली मुलं माझ्या दोन टोकांवर बसून वरखाली झोके घेतात. मला ते फार आवडतं. पण मी उतारावर उभा आहे, आणि हा उतार सरळ पाण्यात जातो. मिस्त्रींबरोबर अंजनाबाई काठावर येत, आणि चाकांना दगड लावायचं काम त्यांचं होतं. बोट चढवताना, उतरवताना, नंतर रिकामा उभा असतानाही, त्या येत तेव्हा आधी दगड बघत. त्यांना कधी सांगावं लागत नसे. गेल्या वर्षी त्या वारल्या. तेव्हापासून ते काम कुणाचंच नाही.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर चढण्याआधी दोन दगड शोधा. चांगले मोठे बघा. पाण्याच्या बाजूने दोन्ही चाकांना घट्ट सारा आणि पायाने दाबून बघा. मग खुशाल चढा.