कोठी गप्प होती

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आलं तेव्हा कोणीच विरोध केला नाही. विरोध करायला आधी कोणीतरी विचारावं लागतं, आणि त्याने विचारलंच नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पुसून त्याने ही नवी चढवली आणि जेवताना जाहीर केलं की आता हे यंत्र पुन्हा कधी रखडणार नाही. ते रखडलं नाही, हेही खरंच.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांच्या नंबरच्या काचा फ्रेममध्ये बसवायच्या आणि घरी आलं की आपली छोटी छोटी टूल्स लिहीत बसायचं, हा त्याचा नाद. टूल्सची नावंही घरगुती होती. एकच फोटो दोनदा साठला की त्यातला एक उडवायचा ‘झाडू’. वायफायवर अनोळखी यंत्र आलं की त्याच्या फोनवर वाजायची ‘कडी’. आणि सगळ्यांत लाडकी ‘कोठी’. ती रोज दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर काय नवं आलंय ते बघायची आणि त्याची एक प्रत माळ्यावरच्या जुन्या यंत्रात नेऊन ठेवायची. काही बिघडलं तरच ती बोलणार, नाहीतर मुकाट. नवं काही नसलं तरी मुकाटच, कारण त्यात बिघडलेलं काही नाही. चांगलं टूल काम करतं आणि गप्प बसतं, काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक, हे तो येताजाता ऐकवायचा. ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते.

बायको कापडाचे प्राणी शिवायची. ससे, हत्ती, लांब मानेचा जिराफ. शिवण्याआधी प्रत्येकाचे साचे ती कॉम्प्युटरवर आखायची, आणि त्या साच्यांत तिचा जीव अडकलेला. तिचा आखणीचा प्रोग्राम लिनक्सवर चालेना तेव्हा त्याने हौसेने दुसरा बसवून दिला, वर जुने साचे नव्यात उघडायला एक टूलही लिहिलं. सशाचे कान जरा वाकडे उघडले. “जमेल,” ती म्हणाली. पुढे तिने कधी तक्रार केली नाही, म्हणजे जमलं असणार, असं त्याने धरून टाकलं.

वडिलांना तर भारी कौतुक. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा ते कॉम्प्युटरपुढेच बसलेले असायचे आणि काहीतरी विचारायचे. “अरे, हे अक्षर मोठं कसं करायचं रे?” तो चपला काढल्या काढल्या त्यांच्या खांद्यावरून वाकून दाखवायचा. चार दिवसांनी पुन्हा तेच. वयाने लक्षात राहत नसेल म्हणून त्याने अक्षर मोठं करायचंही एक टूल लिहून दिलं. तरी ते विचारतच राहिले. त्यालाही ते विचारणं आवडायचं. दुकानात त्याला कोण काय विचारणार?

त्या दिवशी दुकानातलं काच घासायचं मशीन बंद पडलं आणि मालकाने सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत पलंगाभोवती अख्खं घर जमलं होतं. बायको, कॉलेजातून आलेली मुलगी, वडील आणि बायकोचा धाकटा भाऊ. पलंगावर राखाडी रंगाचा एक लॅपटॉप होता. तो त्याने जन्मात पाहिला नव्हता. पडदा निळाभोर, त्यावर बिघाडाची पांढरी अक्षरं, आणि त्याच्याकडे बघत बायको रडत होती.

“आता काय करू मी? परवा प्रदर्शन आहे. सगळे साचे यातच आहेत.” मग तिला एकदम आठवलं. “कोठीत असतील ना? ती ठेवते ना रोज सगळं?”

“आई, कोठीत कसे असतील?” मुलगी म्हणाली. “हा वायफायला जोडलाच नाही ना आपण कधी. माझ्या फोनवरूनच नेट घेतो. वायफायला जोडला असता तर बाबाची कडी वाजली नसती का?”

मेहुण्याची नजर दाराकडे गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “भाऊजी! आज लवकर?”

“हा कोणाचा?” त्याने विचारलं.

“माझा,” मेहुणा म्हणाला.

“खोटं नको बोलूस,” बायको डोळे पुसत म्हणाली. “आपलाच आहे. यानेच आणून दिला.”

आपला! त्या आपल्यात तो कुठे होता, हे मात्र कोणी सांगेना.

“कधीपासून?”

“जिराफ केला तेव्हापासून.”

जिराफ फळीवर बसला होता. उन्हाने त्याच्या मानेचा रंग पार उडाला होता. तो शिवला तेव्हा मुलगी शाळेत जात होती. म्हणजे इतकी वर्षं हे घर त्याच्या पाठीमागे दुसरंच काहीतरी वापरत होतं, आणि त्याला कोणी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याला एकेक आठवायला लागलं. तो यायच्या वेळेला नेमका चालू असलेला कॉम्प्युटर. पडद्यावर नेहमी उघडा असलेला तोच वाकड्या कानांचा ससा. रोज दुपारी गप्प राहणारी कोठी, आणि काय छान चालते म्हणून दुकानात तिची बढाई मारणारा तो. त्याचा चेहरा तापला.

“मला एका शब्दाने सांगायचं होतंत!”

“सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “कान वाकडे येतात म्हटलं, तर तू मला आणखी एक टूल दिलंस. पुन्हा सांगितलं असतं तर आणखी एक दिलं असतंस.”

“आणि बाबा, तूच म्हणतोस ना,” मुलगी खाली बघत म्हणाली, “काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक.”

रागावून निघून जावं असं त्याला फार वाटलं, पण बायको अजून त्या निळ्या पडद्याकडेच बघत होती. त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह काढला. त्यात त्याचं लिनक्स कायम असायचं आणि घरात त्यावरून त्याची पुरेशी थट्टा झालेली होती. आज कोणी हसलं नाही. पेनड्राइव्ह लावून त्याने लॅपटॉप त्यावरून सुरू केला आणि आतली डिस्क उघडली. डिस्क शाबूत होती.

प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. नावं मुलीनेच दिली असणार. ‘मी’. ‘आई’. ‘आजोबा’. ‘मामा’. सगळ्यांत खाली ‘पाहुणे’.

त्याने यादी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. ‘बाबा’ कुठेच नव्हतं. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय त्यांनी केली होती.

‘आई’मध्ये साचे होते. जिराफ उघडला. मान सरळ, टाका घालायच्या खुणा जिथल्या तिथे. ‘आजोबां’मध्ये बुद्धिबळाचे डाव होते, वडिलांनी स्वतः लिहिलेल्या टिपा होत्या, आणि सगळ्या टिपांची अक्षरं चांगली मोठी केलेली.

त्याने वळून वडिलांकडे पाहिलं.

“येतं रे मला,” वडील हळूच म्हणाले. “पहिल्याच दिवशी आलं होतं. पण विचारलं की तू कसा खुलायचास. तेवढंच बरं वाटायचं बघ.”

बाकी सगळं त्याने गिळलं असतं. हे गिळवेना. लॅपटॉप लपवला तो त्यांच्या सोयीसाठी. हे मात्र दर चार दिवसांनी, त्याच्या तोंडावर, लाडाने केलं होतं.

त्याने मान फिरवली, लॅपटॉप वायफायला जोडला, खिशात वाजलेली कडी बंद केली आणि सगळ्यांची फोल्डर्स कोठीकडे लावून दिली. पाहुण्यांचंसुद्धा. माळ्यावरचं जुनं यंत्र घरघरायला लागलं. इतकं सामान त्या कोठीत पहिल्यांदाच जात होतं. बऱ्याच वेळाने घरघर थांबली. कोठी काही बोलली नाही.

“झालं?” बायकोने विचारलं.

त्याने मान हलवली, पेनड्राइव्ह काढला आणि जुडगा खिशात टाकला.

“चहा ठेवू?”

तो गप्प बसला.

“बाबा?” मुलगी म्हणाली.

तो गप्पच होता. वडील काठी टेकत जवळ आले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मेहुणा दाराशी घुटमळत राहिला. बायको चहा ठेवायला उठली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा खाली बसली. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कोणी बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं कोणालाच वाटलं नाही.