अंगरख्यातली बाटली

मित्रांनो, आम्लपित्तावरच्या औषधाची मी एक जुनी बाटली आहे. माझ्या तळाशी अजून थोडे पांढरे औषध सुकून बसले आहे.

अन्न पचवायला पोटात आम्ल लागते. तेच उसळून वर आले की छातीत जळजळते. माझ्यातले औषध त्या आम्लाला भिडते आणि त्याचा जोर मोडते. आराम चटकन पडतो, पण फार टिकत नाही, कारण पोट पुन्हा आम्ल तयार करतेच. एवढीच माझी धाव.

मला एका शिंपीमास्तरांनी आणले. कामाच्या घाईत ते जेवून हात धुतात न धुतात तोच मशीनवर वाकून बसत. भरल्या पोटी वाकले की जळजळ सुरू. मग मला गदागदा हलवायचे आणि तोंडाला लावायचे. "ही आहे म्हणून माझं मशीन चालतंय," असे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. एकदा त्यांनी उरलेल्या मखमलीचा अंगरखा शिवून मला घातला. मी हुरळून गेले.

त्याच दुपारी त्यांच्या बायकोने विचारले, "अहो, जळजळ होते का अजून?"

"छे, कधीच थांबली," मास्तर म्हणाले आणि मला चिंध्यांत सरकवले.

तो अंगरखा लाडाचा नव्हता, मला लपवण्याचा होता. त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा, असे माझ्या अंगावर छापले होते. मला तोंड नाही. तेवढेच काय ते माझे बोलणे. तेही त्यांनी शिवून टाकले.

मी संपले की दुसरी बाटली येई आणि तिचे औषध माझ्यात ओतले जाई. शेवटी एक दिवस मास्तरांना मशीनवरच भोवळ आली आणि उलटीतून काळपट रक्त पडले. त्या धावपळीत मी चिंध्यांतून बायकोच्या हाती लागले आणि तिच्या पिशवीतून दवाखान्यात पोचले. पोटात आतून जखम झाली होती. आधी का आला नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा मास्तरांनी बायकोच्या पिशवीतल्या माझ्याकडे बोट दाखवले. "हिच्यामुळे आराम पडायचा ना. हिनंच घात केला माझा."

इतकी वर्षे ज्यांच्यासाठी रिकामी होत राहिले, त्यांचे हे शब्द! ते मला फार लागले.

बायको हळूच म्हणाली, "तिचं राहू द्या. मी रोज विचारत होते. मला का फसवलंत?"



आता ते दुसऱ्या गोळ्यांनी बरे होत आहेत. मी मात्र त्यांना माफ केलेले नाही. मित्रांनो, कधीमधी जळजळले तर मला खुशाल हाक मारा. पण पुन्हा पुन्हा जळजळू लागले, तर काळजीने विचारणाऱ्या माणसाला खरे सांगा.