उलट्या लवेची बाही

"कात्री खाली काढ आता. खिळ्याला टांगून तिला मोक्ष मिळणार आहे का?" थोरली मशीनवरची मान वर न करता म्हणाली.

धाकटी एका विजारीची तुटलेली चेन बदलत होती. चेन बदलायची, गुडघ्याला ठिगळ लावायचं, तुटलेल्या बटणाजागी नवं लावायचं, असली कामं आता ती दिवसभर करायची. मोठ्या टेबलावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते, म्हणजे ते रिकामं दिसायला नको.

दुकान सासऱ्यांचं. त्यांच्या दोन्ही लेकांनी सुईदोऱ्याकडे पाठ फिरवून नोकऱ्या धरल्या आणि सुनांनी दुकान धरलं. थोरली मशीनवर, धाकटी कापायच्या टेबलावर. धाकटीचा हात बघूनच सासऱ्यांनी तिला कात्री दिली होती. थोरलीला कापणं कधी जमलं नाही. सरळ रेघ समोर असली तरी ती वाकडी जायची आणि वर ऐटीत सांगायची, "माझी जीभ सरळ आहे ना, म्हणून हात वाकडा चालतो."

गेल्या थंडीत धाकटीकडून एक चूक झाली. मखमलीला लव असते, कोवळ्या केसांसारखी. तळहात एका बाजूनं फिरवला तर मऊ सरकतो, दुसऱ्या बाजूनं फिरवला तर अडतो. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे असतात, एक जरी उलटा लागला तर दिव्याखाली तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. धाकटीला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण कापड कमी पडत होतं, आणि वाचवायच्या नादात तिनं एक बाही उलटी बसवली. मनाला म्हणाली, एवढं कोण बघतंय. मग गिऱ्हाईक कोट घालून आरशापुढे उभी राहिली, तर एक बाही काळी आणि एक राखाडी. ती बाई भांडली असती तर परवडलं असतं. तिनं कोट उतरवला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि "राहू दे" एवढंच म्हणून निघून गेली.

तो कोट अजून कपाटावर गाठोड्यात होता. धाकटी तिकडे बघायची नाही, पण गाठोडं तिच्याकडे बघायचं.

तेव्हापासून नवं कापड हाती आलं की ती खडू घेऊन बसायची. माप एकदा घ्यायची, पुन्हा घ्यायची, रेघ ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. खडूनं कापड पांढरं व्हायचं, पण कात्री काही चालायची नाही. शेवटी कापायचं काम रस्त्यापलीकडच्या मास्तरकडे जायला लागलं. मास्तर कापून द्यायचा आणि सोबत एक हसू फुकट द्यायचा.

सकाळी दुकान उघडलं की धाकटी टेबलाच्या कडेला कपाळ टेकायची. "देवा, तूच सांग. कापू की नको? एकदा सांग, मग मी भिणार नाही." मग ती कान देऊन थांबायची. रस्त्यावरून सायकल जायची, नळ गळायचा. दुसरं काही ऐकू यायचं नाही.

"देव काय तुझ्या कानाशी टेप धरून बसलाय?" थोरली म्हणायची. "त्याला बाकीची गिऱ्हाइकं नाहीत होय?"

त्या दिवशी दुपारी बसवाली आली. दुकानावरून जाणारी बस तीच चालवायची. खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं मागच्या सीटला ऐकू जाईल असं. पण पिशवीतून तिनं कोट काढला तो तान्हं मूल उचलावं तसा, दोन्ही हातांनी. डाळिंबी मखमल, जुनी, कडांना विरलेली.

"आईचा आहे. आई गेली दोन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "माझी लेक व्हायोलिन वाजवते. आजवर मागच्या रांगेत, खांबाआड बसायची. मी जायचे कार्यक्रमाला, खांब बघून यायचे. या खेपेला तिला पुढं बसवलंय. यातून तिच्या अंगाचं जाकीट करायचंय. आजीनं तिला कबूल केलं होतं."

धाकटीचे हात आपोआप मागे गेले. "समोरच्या मास्तरकडं..."

"जाऊन आले. म्हणाला, एवढ्यात बसत नाही. एक बाही फिरवून घेतली तर बसेल. मला त्यातलं काही कळलं नाही. पण ते बोलताना तुमच्या दुकानाकडं बघून हसला तो. म्हटलं, ज्यांना हसतोय त्यांनाच विचारावं."

थोरलीचं मशीन थांबलं. "ठेवा इथं. ही करेल."

"ताई..."

"करेल म्हटलं ना. लेकीला मापाला पाठवा."

बसवाली गेली. धाकटीनं कोट टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. "तुम्ही परस्पर कसं कबूल केलंत? दुसरा कोट नाहीये तिच्याकडं. माझ्या हातून चुकलं तर बाजारातून नवं कापड आणून देता येणार आहे का? तिची आई आहे ती."

"आणि नाही म्हटलं असतं तर?" थोरलीनं खुर्ची मागे सरकवली. खुर्चीची लाकडी बैठक झिजून इतकी गुळगुळीत झाली होती की ती सारखी पुढे घसरायची आणि मग कंबर धरायची. "कापायचं मास्तरनं, शिवायचं मी, आणि तू बटणं लावायची. याला दुकान म्हणत नाहीत, पोस्टाची पेटी म्हणतात. माझी कंबर किती दिवस साथ देईल ते कंबरेलाच ठाऊक. हा कोट कापला नाहीस ना, तर तू यापुढं कधीच कापणार नाहीस. मला बाकी काही कळत नाही, पण हे कळतं. तसं असेल तर पाटी उतरवू, आणि मीही घरी बसून तुझ्या चुका काढीन."

"त्या तुम्ही इथं बसूनही काढताच."

"इथं निदान हात तरी चालतो."

मुलगी मापाला येऊन गेली. शेलाटी, अबोल, मानेवर वाद्याचा डाग पडलेली. तिनं एवढंच विचारलं, "घट्ट नाही ना होणार? मला हात उचलावा लागतो." धाकटीनं मान हलवली. तिला होही म्हणवलं नाही आणि नाहीही.

दुसऱ्या दिवशी तिनं टेबल रिकामं केलं. मुलीच्या मापाचे कागदाचे फर्मे काढले आणि कोटावर मांडून बघितले. पाठ बसली. पुढचे दोन भाग बसले. एक बाही बसली. दुसऱ्या बाहीचा काखेकडचा कोपरा कापडाबाहेर जात होता. तिनं फर्मा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. मग तो उलटा फिरवला, आणि तो चपखल बसला. तोच डाव. गेल्या थंडीत असाच बसला होता.

तिनं तळहात फिरवला. पाठीवर सरकला, पुढच्या भागावर सरकला. फिरवलेल्या फर्म्याखाली, ज्या अंगानं ती बाही मनगटाकडे उतरली असती त्या अंगानं, हात अडला. इतका हलका अडला, की घाईत असती तर तिला कळलंही नसतं. तिनं फर्मा उचलून घेतला.

"काय झालं?" थोरली.

"मास्तर म्हणाला तेच खरं. बसत नाही."

"उसवलंस कुठं अजून? न उसवता काय बसवतेस? शिवलेला कोट म्हणजे मूठ झाकलेली. आत काय आहे ते बाहेरून बघून कळतं होय?"

"उसवलं की परत जोडता येणार नाही, ताई."

"माहितीये. म्हणूनच काल रात्रभर कूस बदलत होतीस, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. उसव."

धाकटीनं पातं घेतलं. पहिला टाका तोडला, आणि तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, टाका फक्त सुटला. अस्तर निघालं. बाही खांद्याला जोडणारा मुंढा सुटला. बाही हातात आली, ती तिनं उजेडाकडे धरली आणि तशीच थांबली.

काखेत एक जोड होता. तळहाताएवढा, चौकोनी. लव बाकीच्या बाहीच्याच दिशेनं. टाके इतके बारीक की वरून शिवण दिसतच नव्हती. कोण जाणे कुठल्या दुकानात, कुणाच्या तरी टेबलावर हीच मखमल कमी पडली होती. त्या माणसानं बाही फिरवली नव्हती. जोड दिला होता. आणि त्या जोडामुळे बाहीला काखेत घेर आला होता. धाकटीनं बाहीत हात घालून उचलला, तर तो खांद्याच्या वर सहज गेला.

ती स्टुलावर बसली. डोळे भरून आले होते, पण मखमलीवर पाणी पडलं तर डाग पडतो, म्हणून तिनं तोंड बाजूला केलं.

"आता रडायला काय झालं?"

"रोज विचारत होते ना मी देवाला. त्यानं दाखवलं बघा."

थोरली उठून आली. चष्मा वर करून तिनं जोड बघितला. "देवानं दाखवलं? उसव म्हणून मी सांगितलं की."

"मग तुमच्या तोंडानं बोलला असेल."

"माझ्या तोंडानं? देवाला दुसरं तोंड मिळालं नाही?" ती परत खुर्चीकडे वळली. मग म्हणाली, "हात उचलल्यावर जोड दिसेल की त्या पोरीचा."

"दिसू दे. जोड दिसला तर दिसला. लपवाछपवी तर नाही ना त्यात."

खिळ्यावरची कात्री तिनं काढली, तिला तेल घातलं, चिंधीवर चालवून बघितली. भीती गेली होती असं नाही. ती होतीच, टेबलाच्या पलीकडे ठाण मांडून, जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखी. पण प्रत्येक तुकड्याआधी धाकटी तळहात फिरवत होती, सरकला की कापत होती. सासरे सांगायचे, नजर पात्यावर ठेवू नकोस, पात्याच्या पुढे बोटभर ठेव. त्याच्या पुढचं तिथं पोचल्यावर दिसतं. एवढी वर्षं तिला ते कात्रीचंच बोलणं वाटलं होतं. आज पहिली बाही कापून होईपर्यंत ती मनात एकच म्हणत राहिली: देवा, बोटभर. मला बोटभर पुरे.

शेवटी दोन्ही बाह्यांच्या काखेसाठी उरलेल्या तुकड्यांतून दोन चौकोन निघाले. टेबलावर उरला तो मूठभर चुरा.

जाकीट घालायला मायलेकी संध्याकाळी आल्या. थोरलीनं बल्ब लावला आणि आरशापुढून बाजूला झाली. धाकटी दाराशी उभी राहिली, पळायला बरं म्हणून.

डाळिंबी रंग पाठीवर, छातीवर, दोन्ही बाह्यांवर एकसारखा उतरला होता. मुलीनं आधी आरशात बघितलं नाही. हनुवटी खांद्याकडे वळवली, डावा हात पुढे धरला आणि उजव्या हातानं हवेतच व्हायोलिनचा गज ओढला. लांब, एका दमात. हात कुठेही अडला नाही.

"आज्जीच्या कोटासारखाच हात फिरतोय, आई," ती म्हणाली.

बसवालीनं पुढे होऊन लेकीच्या दोन्ही बाह्यांवरून तळवे खांद्यापासून मनगटापर्यंत आणले. मग पुन्हा आणले. तिचा तो मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. हळूच म्हणाली, "मास्तर तर म्हणाला होता, बसत नाही."

"त्याच्या डोक्यात बसत नसेल," थोरली म्हणाली.

त्या गेल्यावर धाकटीनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. थोरली मशीनवरून बघत होती. धाकटीनं काळा कोट पसरला, उलटी बाही उसवली, तिचे दोन भाग केले आणि आत कापड-चिंध्या भरून चारी बाजू शिवून टाकल्या. मग ती उशी तिनं थोरलीच्या खुर्चीवर ठेवली, बोटांनी चाचपून, नीट दिशा बघून.

"बसा."

"हे काय?"

"लव मागच्या बाजूला केलीये. पुढं सरकायला गेलात की अडेल. घसरणार नाही तुम्ही."

थोरली बसली. मुद्दाम पुढे सरकून बघितलं, एकदा, दोनदा. सरकली नाही. "टोचत नाही म्हणायची," एवढं बोलून तिनं पायपट्टीवर पाय ठेवला.

मशीन चालू झालं. कात्री टेबलावरच होती, आणि धाकटीनं भिंतीतला खिळा उपटून सुयांच्या डबीत टाकला.