एका कानापुरते पैसे

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, लाकडी मूठ, मुठीला एक तडा आणि काचेच्या कडेला नखाएवढा ओरखडा. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव खवट आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोठ्या करून दाखवल्या की कोणाचाही होतो. तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

काच घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी जन्मलो. तिथला म्हातारा कारागीर मला ओल्या रेतीवर गोल गोल फिरवत असे. आधी जाड रेती, मग बारीक, मग अगदी पिठासारखी. "याचा डोळा अजून उघडला नाही," असे म्हणून तो मला पुन्हा घासायला घेई. शेवटी एक दिवस त्याने मला आपल्या अंगठ्यावर धरले. अंगठ्यावरची रेघ न् रेघ स्वच्छ दिसली, तेव्हा कुठे तो हसला. मग मला पितळेत बसवले आणि एका छापखान्याच्या मालकाने विकत घेतले.

छापखान्यात मी मुद्रितशोधकाच्या टेबलावर आलो. मुद्रितशोधक म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा माणूस. हे गृहस्थ तेव्हा तिशीचे होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांचे डोके फिरायचे, म्हणून सगळा छापखाना त्यांना वेलांटीमास्तर म्हणे. स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्यांनी सात चुका काढल्या आणि पत्रिका पुन्हा छापून येईपर्यंत लग्न लांबवायला निघाले होते, असे सांगतात. खरे-खोटे त्यांची बायको जाणे.

आमची जोडी जमली. एकदा परीक्षेचे वेळापत्रक छापायला आले होते. ते मंजूर होऊन यंत्रावर चढणार, एवढ्यात मास्तरांनी मला त्यावरून शेवटचे एकदा फिरवले. गणिताचा पेपर एकतीस तारखेला होता आणि महिना होता तिसाचा! मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "या दोघांनी आज हजारो पोरांचं गणित वाचवलं." 'या दोघांनी' म्हणाले बरे का. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी.

घर एका पगारात भागेना, तेव्हा मास्तरांनीच शब्द टाकून बायकोला बांधणी खात्यात नोकरी लावून दिली. कागदांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राशेजारी ती माउली बावीस वर्षे बसली. त्या यंत्राचा खडखडाट एवढा, की तिथल्या बायका एकमेकींशी खुणांनीच बोलायच्या. तिचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची घंटा गेली आणि मग हलक्या आवाजात बोललेले सगळेच गेले. मास्तरांना हे सलत असे. "मीच तिला तिथं बसवली," असे ते मधूनच म्हणत. तिला ऐकू जात नसल्यामुळे तिच्यासमोरच म्हणत.

पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला, मास्तर निवृत्त झाले. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने दोघांना कायमचे बोलावून घेतले. मीही गेलो, एका लोकरी मोज्यात गुंडाळून. तिथे चौथ्या मजल्यावरच्या घरात मला खणात ठेवले. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या आणि कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. तीन वर्षे मी काळोखात पडून होतो. जुन्या वस्तूंच्या नशिबी हे येतेच, त्याबद्दल मी रडणार नाही. रडण्यासारखे पुढे आहे.

मास्तरांचे पेन्शन मायदेशातल्या बँकेत जमा व्हायचे. मुलगा दर महिन्याला संगणकावरून त्यातले थोडे इकडच्या खात्यात मागवून घ्यायचा. पैसे निघाले की पाठवणारी बँक आपले शुल्क कापे. पोचले की घेणारी बँक आपले कापे. आणि वाटेत कोणी एक तिसरीच बँक उभी असे, जिचे नावसुद्धा कागदावर नसे, तीही कापे. दोन मांजरांच्या लोण्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तिथले माकड निदान समोर बसून खात होते.

मास्तर हिशेबाला पक्के. कापाकापी दर खेपेला ठरलेली असेल, तर बारा वेळा मान कशाला पुढे करायची? पैसे तिकडेच साठू द्यायचे आणि वर्षाने एकदाच आणायचे. आणि आणायचे ते एकाच कामासाठी. नात झाल्यापासून बायकोला घरात सगळे आजी म्हणत. त्या आजींच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे घ्यायची होती. दुकानातल्या बाईंनी जोडीचा भाव सांगितला, जोडीवर अमुक महिन्यापर्यंत सूट आहे असेही सांगितले.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी हप्त्यांवर घेतो ना. एवढं काय त्यात?"

"नको," मास्तर म्हणाले. "तिचे कान माझ्या छापखान्यानं घेतलेत. ते मीच परत देणार."

वर्षभर त्यांनी बूट शिवून वापरले, वर्तमानपत्र वाचनालयात जाऊन वाचले. रक्कम जमली, जोडीच्या किमतीहून थोडी वरच. मग मुलाला न सांगता त्यांनी मायदेशातल्या बँकेचा फॉर्म मागवला आणि तो वाचायला मला खणातून बाहेर काढले. मित्रांनो, त्या दिवशी मला झालेला आनंद काय सांगू! धोतरासारख्या मऊ फडक्याने त्यांनी मला पुसले आणि फॉर्मवर धरले.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती. मुंगीलाही चष्मा लागावा एवढी बारीक. मी ती मोठी केली: 'मध्यस्त बँकांचे शुल्क, तसेच रक्कम परत आल्यास होणारी सर्व वजावट ग्राहकाच्या नावे राहील.'

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, हे बघ! मध्यस्थ शब्द चुकवलाय! एवढी मोठी बँक आणि साधा थ येत नाही!"

"स्वस्त?" आजींनी विचारले. "काय स्वस्त झालं?"

"काही स्वस्त नाही गं!" मास्तर ओरडले आणि पोट धरून हसले. लाल पेन घेऊन त्यांनी त्या त वर गोल केला आणि समासात थ लिहिला.

इथे मला कबुली द्यायची आहे. जन्मभर चुका काढणाऱ्याला एक खोड जडते. तो अक्षर वाचतो, अर्थ वाचत नाही. आणि मीही तसलाच. मी अक्षर मोठे करतो, अर्थ मोठा करत नाही. त्या ओळीतली चूक आम्हां दोघांनाही सापडली, आणि ती ओळ मात्र आम्ही दोघांनीही वाचली नाही.

मग आला नावाचा रकाना. इकडच्या बँकेत खाते उघडताना तिथल्या कारकुनाने मास्तरांच्या आडनावात एक अक्षर जास्त टाइप केले होते. मास्तरांनी तेव्हाच दाखवले होते. कारकून म्हणाला होता, "चालतं हो, कोण बघतंय एवढं!" मुलगा पैसे मागवताना तेच चुकीचे नाव जसेच्या तसे उतरवत असे, म्हणून कधी अडले नव्हते. या वेळी पेन मास्तरांच्या हातात होते. त्यांनी आपले आडनाव वडिलांनी दिले तसे लिहिले, शुद्ध. फॉर्म रजिस्टर पाकिटातून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाच आठवडे पैसे आले नाहीत. मास्तरांनी इकडच्या बँकेला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड बोलत होती.

"आजोबा, रक्कम परत गेली. नाव जुळलं नाही."

"माझं नाव मी बरोबर लिहिलंय. तुमच्या खात्यावर ते चुकीचं आहे."

"असेल हो, पण आमच्याकडे चुकीचंच नोंदलेलं आहे ना."

"मग दुरुस्त करा."

"करू की. मूळ दाखला, तिकडच्या अधिकाऱ्याचा शिक्का, आणि साधारण दोन महिने."

"परत गेलेले पैसे पुरते नाहीत. पाठवताना कापले, परत येताना कापले, शिवाय चलनाचा भाव जाताना एक आणि येताना दुसरा. कोणी किती खाल्लं, ते तरी सांगा."

"आमचं आणि तुमच्या तिकडच्या बँकेचं सांगता येईल. मधल्या बँकेचं नाही. त्यासाठी शोध अर्ज करावा लागतो. त्याचं वेगळं शुल्क आहे."

आपले पैसे कुठे गेले हे विचारायचेही पैसे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"आजोबा," मुलीने आणखी मऊ आवाजात विचारले, "अशा फॉर्मच्या तळाशी शुल्काची एक ओळ असते, ती वाचली नव्हती का तुम्ही?"

"वाचली होती," मास्तर म्हणाले. "तिच्यात एक चूक होती." आणि त्यांनी फोन ठेवला.

सूट संपायला महिनाही उरला नव्हता. दोन महिने थांबणे शक्य नव्हते. मुलाला सांगितले तर तो पैसे देईल, हे मास्तरांना कळत होते, आणि तेच त्यांना नको होते. त्यांनी दुसरा फॉर्म पुढे ओढला. नावाच्या रकान्याशी पेन थांबले. चाळीस वर्षे लोकांची नावे शुद्ध करून देणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या आडनावात नको असलेले ते अक्षर आपल्या हाताने घातले. मग मला उचलून नावावर धरले. चूक बरोबर झाली आहे ना, हे तपासायला! माझ्या आयुष्यात मला कोणी एवढे हलके काम सांगितले नव्हते.

या वेळी पैसे विनातक्रार पोचले. चुकीच्या नावाला कोणी काही विचारले नाही. पुन्हा तिन्ही बँकांनी आपापला घास मात्र घेतला. दुकानात मास्तरांनी मला खिशातून नेले होते, बिलावरचे बारीक वाचायला. बाईंनी बेरीज केली आणि मान हलवली. जोडी येत नव्हती.

"एक देऊ का?" त्यांनी विचारले. "पुष्कळ जण एकावर भागवतात. कोणत्या कानाला लावायचं?"

मास्तरांनी प्रश्न कागदावर लिहून शेजारी बसलेल्या आजींपुढे सरकवला. आजींनी तो वाचला, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले, आणि काय झाले असेल ते त्यांना न सांगताच कळले.

"डाव्या," आजी म्हणाल्या. "शाळेत जाताना नात माझा डावा हात धरते."

घरी जेवताना मुलाने विचारले, "एकच आणलं?"

"दुकानातल्या बाई म्हणाल्या, एकच पुरे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "दोन लावली की उगाच गोंधळ होतो. पैसे सगळे आले, काही कापलं नाही या वेळी."

कितीतरी वर्षांत हळू बोललेले काही आजींच्या कानात शिरले नव्हते; आज शिरले. त्या मास्तरांच्या उजव्या हाताला बसल्या होत्या, डावा कान त्यांच्याकडे करून. त्यांचा घास हातात तसाच राहिला. मग त्यांनीही तितक्याच हळू आवाजात म्हटले, "हो, एकच बरं."

आता नात कधी कधी विसरून उजव्या बाजूने बोलते. उत्तर आले नाही की आजी रागावली असे समजून निघून जाते. मास्तरांनी वर्तमानपत्रातल्या चुका काढणे सोडून दिले आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. तुमच्यातले कोणी उद्या मोठे होऊन बँकांचे फॉर्म छापायला बसतील. त्यांनी तेवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत छापावी, थकलेल्या डोळ्यांना माझ्यावाचून वाचता येईल एवढ्या. मग मला खुशाल फोडून टाका.